मोकळी

मंगळवार, ७ जानेवारी

काल सुनेची, अबोलीची सोनोग्राफी झाली. पाचव्या महिन्यातली मोठी. मला वाटलं, तासाभरात दोघं परत येतील. आली ती संध्याकाळी. कमलेश बूट न काढताच आतल्या खोलीत गेला. अबोली ओट्याशी उभी राहून पाणी प्यायली आणि तिथूनच म्हणाली, "मम्मी, बाळाच्या कण्यात फट आहे."

मणके जिथे मिटायला हवेत तिथे ते मिटलेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं म्हणे. पायांत बळ येणार नाही बहुतेक. लघवीवर ताबा राहणार नाही. जन्मल्याबरोबर ऑपरेशन, मग आणखी होत राहतील. बुद्धी चांगली असेल, कदाचित नसेलही. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत. शेवटी म्हणाल्या, काय करायचं ते लवकर ठरवा.

काय करायचं म्हणजे काय, ते आमच्यात कोणी बोललं नाही. तो शब्द या घरात अजून कोणाच्या तोंडून आलेला नाही. मीही इथे लिहिणार नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

मी चपात्या लाटत होते. कमलेश दारात येऊन म्हणाला, "मम्मी, तिला मोकळं होऊ दे."

"मोकळं म्हणजे?"

"कळतंय तुला."

कळत होतं. मी म्हणाले, "ते मूल आपलं नाही रे. देणाऱ्याचं आहे. आपल्याकडे सांभाळायला दिलंय."

"मग देणाऱ्यानेच सांभाळावं की."

असं बोलणारा मुलगा माझ्या घरात वाढला.

त्याचे पप्पा माथेरानला एका हॉटेलात स्वयंपाकी होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांनी खाट धरली. आठ वर्षं. शेवटी शेवटी बोलणंही गेलं. त्यांना भरवणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवणं, सगळं मी केलं. मी चौथीपर्यंतच शिकलेली. त्यांना करमावं म्हणून पवित्र शास्त्र आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले, आणि खरं वाचन मला तेव्हा जमू लागलं. ते जाऊन दोन वर्षं झाली. अजून वाचताना आवाज मोठा निघतो.

ज्याला बोट हलवता येत नाही, तोही देवाच्या प्रतिरूपाचा असतो. हे मी कोणाच्या भाषणात ऐकलेलं नाही. त्या खाटेशी बसून मला ते कळलं. कमलेशही त्याच खोलीत होता. त्याने मग काय पाहिलं?

रविवार, १२ जानेवारी

चर्चमध्ये कोणाला काही सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला तेव्हा मनात फक्त पोटातलं बाळ होतं. त्याला वाचव, एवढंच मागितलं.

अबोली आली नव्हती. ती हिंदू घरातली आहे, कमलेशशी कोर्टात लग्न केलं. तिला वाटलं तर येते, मी जबरदस्ती करत नाही. घरी आले तर ताट तसंच झाकलेलं. मी म्हणाले, "तुझ्यासाठी नाही तर पोटातल्यासाठी तरी खा."

तिने दोन घास खाल्ले. मग विचारलं, "मम्मी, पप्पांना उचलून उचलूनच तुमची कंबर गेली ना?"

"हो. अजून दुखते."

"कोण कोण उचलायचं?"

"मी आणि कमलेश. पंधरा वर्षांचा होता, पण ताकद चांगली होती त्याच्यात."

तिने ताट पुन्हा झाकलं. हे आत्ता विचारायचं काय कारण ते कळलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीला अबोली माहेरी गेली. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. निघताना मी म्हणाले, "काही करायचं झालं तर आधी मला कळव." ती म्हणाली, "कळवीन." दोन दिवसांसाठी बॅग फार मोठी घेतली होती. तिकडे थंडी जास्त असते म्हणून असेल.

कमलेशचं आणि माझं परवा पुन्हा वाजलं. आता तो कुंभिवलीलाच आहे, कंपनीतल्या रूपेशच्या खोलीवर. पाळी बदलली म्हणतो. आज घरात मी एकटी. तिळगूळ केला नाही. शेजारच्या समिधाने आणून दिला तो खाल्ला.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुपारी विहीणबाईंचा, सोनुबाईंचा फोन आला. वाडीत रेंज नसते, त्या टेपाडावर चढून बोलतात. वाराच जास्त ऐकू येत होता.

"विहीणबाय, आयकताय ना? पोरीला आमी मोकळी केली. लय रडत व्हती. आज जरा भाकर खाल्ली तिनं."

पुढचं वाऱ्यात गेलं आणि फोन कट झाला. मी परत लावला नाही. लावून काय विचारणार होते? कमलेशला तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तेवढ्यावरून समजायचं ते समजले.

परातीत पीठ मळायला घेतलं होतं. तसंच ठेवून बसले. त्याला नावही नव्हतं. ज्याचं काही बघितलेलंच नाही त्याच्यासाठी रडायचं कसं, ते मला येत नाही. हे गेले तेव्हा निदान त्यांचा सदरा होता.

रागही येतो. आधी कळवीन म्हणाली होती.

शनिवार, १८ जानेवारी

चर्चचं भगिनी मंडळ विनिताच्या घरी होतं. जायचं नव्हतं, पण गेले. सगळ्यांनी विचारलं, चेहरा असा का. मी म्हणाले, "अबोली मोकळी झाली."

अंबाबाई ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. त्या एकदम खुलल्या. "मोकळी झाली? मग पेढे कुठायत गं? मुलगा का मुलगी?"

विनिताने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तशी नाही हो आजी. पाचवा महिना होता. तशी मोकळी."

"मग मोकळी कशाला म्हणता तिला?" अंबाबाई म्हणाल्या. "मोकळी म्हणजे मूल मांडीवर आलं."

चहा निवून गेला. विनिताने पाळकसाहेबांना सांगू का म्हणून विचारलं, मी मानेनेच हो म्हटलं.

रविवार, १९ जानेवारी

पाळकसाहेबांनी नाव घेतलं नाही. म्हणाले, आपल्या मंडळीतल्या एका घरातलं बालक उदरातच गेलं, त्याच्यासाठी उभं राहू या. सगळे उभे राहिले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जीव देवाने दिलेला असतो, तो घेण्याचा अधिकार माणसाला नाही, यावर ते बराच वेळ बोलले. त्यातलं एकही वाक्य मला खोटं वाटलं नाही. पुढच्या बाकांवर काही बाया रडल्या. उपासना संपल्यावर सलाम करताना प्रत्येकीने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. एवढी माणसं त्याच्यासाठी रडली.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी कमलेश आला. दारातच उभा.

"कोण मेलं गं मम्मी?"

मला वाटलं, हा थट्टा करतोय.

"रूपेशची आई तुमच्या चर्चमधल्या कोणाला तरी भेटली. तिने रूपेशला सांगितलं, रूपेशने खांद्यावर हात ठेवून मला सांगितलं, की माझं मूल गेलं. म्हटलं, मला माहीतच नाही. मूल पोटात आहे. काल संध्याकाळी त्याने लाथ मारली, अबोलीने मला फोनवर सांगितलं."

कण्यात फट असलेलं मूल लाथ मारतं? मी भिंतीला टेकून खाली बसले. एवढा आनंद झाला की काही सुचेना. म्हणाले, "मग तुझ्या सासूबाईंनी मोकळी केली असं का सांगितलं?"

"तिने अबोलीला सांगितलं, आमचं काही म्हणणं नाही. ठेव, नको ठेवू, तुझं तू बघ, तू मोकळी आहेस. त्याला ती मोकळी केली म्हणते. एवढं सांगायला बाई टेपाड चढली. आणि तू इकडे जिवंतपणी अंत्यविधी उरकलास."

"तूच तर तो शब्द आणलास या घरात," मी म्हणाले.

त्यावर त्याने बूट काढले, आत येऊन बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "अबोलीला कळलंय. ती एवढंच म्हणाली, मूल गेलं असं ऐकल्यावर तरी मम्मींनी मला फोन करून विचारायचं, तू कशी आहेस."

तो गेल्यापासून हेच डोक्यात आहे. शुक्रवार ते सोमवार. मंडळाला सांगितलं, पाळकसाहेबांपर्यंत गेलं. तिला फोन केला नाही.

बुधवार, २२ जानेवारी

कर्जतहून कशेळ्यापर्यंत जीपने गेले, तिथून दुसरी जीप, मग चालत. कंबर अजून ठणकते आहे.

सोनुबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"आलात? पोर मेलं म्हणून आलात, का जितं हाय म्हणून?"

"चुकलं माझं, विहीणबाई."

"माझं बी चुकलं. तुमच्यासारक्या शिकलेल्या बाईला साधं बोलाय गेलं." मग पाट सरकवला. "बसा. चाय पिता, का आजून सुतक हाय?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण चहा टाकला. चुलीशी बसूनच बोलत राहिल्या. "मला पाच झाली. दोन र्‍हायली नाय. व्हवं का नको, येकदा बी कोनी इचारलं नाय. ना सासूनं, ना डाक्टरनं. म्हनून हिला म्हनलं, बाय, तू मोकळी. देव तुमचा असंल नायतर आमचा असंल, पोट तर तिचंच हाय."

मला हे पटलं नाही. पोट तिचं आहे, जीव तिचा नाही. पण त्यांच्या घरात त्यांचा चहा पिताना तेवढं बोलण्याची ताकद माझ्यात नव्हती. आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं कोणत्याही बाईने म्हटलं तर त्यावर काय बोलणार?

अबोली मागच्या दाराशी उन्हात बसली होती. पोट आता चांगलं दिसतं. गालफडं बसलीत. मी इतके दिवस पोटाच्या वर, तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे."

"मला शास्त्र सांगू नका मम्मी, मला माहितीये तुमचं म्हणणं. एकच सांगा. तुम्ही नसाल तेव्हा त्याला कोण उचलणार?"

माझ्याकडे उत्तरं होती. देव सोडणार नाही. आईच्या पोटात असल्यापासून तो प्रत्येकाला ओळखतो. ती तोंडापर्यंत आली. मग मला ती खाट दिसली. देव तिथे होता, याची मला खात्री आहे. पण काखेत हात घालून उचलायला आम्ही दोघंच होतो.

"माहीत नाही मला," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कमलेश झोपेत पप्पांना उचलतो. तुम्हाला माहितीये? हात असे पुढे करतो, दात आवळतो. मग दचकून उठतो. लग्न झालं तेव्हापासून बघतेय मी. त्याला बाळ नको असं नाहीये मम्मी. त्याला परत ते नकोय."

माझ्या मुलाबद्दल हे मला माहीत नव्हतं. सगळं मी केलं असं मी याच वहीत लिहिलंय.

येताना सोनुबाईंनी वाल बांधून दिले. "भिजत घाला," म्हणाल्या, "आन् फोनवर नीट आयकू येत नसंल तर परत इचारत जा."

रविवार, २६ जानेवारी

बाहेर शाळेच्या पोरांची झेंड्याची फेरी चालली होती, त्यामुळे उपासना उशिरा सुरू झाली. सूचना संपल्यावर मी उभी राहिले.

"मागच्या रविवारी तुम्ही माझ्या घरच्या मुलासाठी प्रार्थना केली. मी चुकीचं सांगितलं होतं. मूल आहे."

मागून दोघंतिघं म्हणाले, प्रभूची स्तुती असो.

"थांबा जरा. त्याला चालता येणार नाही बहुतेक. लंगोट मोठेपणीही लागेल. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. तुम्ही त्याच्यासाठी रडलात, त्याबद्दल आभार. आता मला सांगा, त्याला उचलायला कोण कोण येणार? हात वर करा."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आपण याबद्दल प्रार्थनापूर्वक विचार करू."

"प्रार्थना मी रोज करते, साहेब. मी उचलायचं विचारतेय."

कोणी पायांकडे बघत होतं, कोणी मुलांचे केस नीट करत होतं. मग तिसऱ्या बाकावर एक हात वर गेला. अंबाबाई.

विनिता त्यांच्या कानात म्हणाली, "आजी, कशासाठी हात केला कळलं का?"

"बाळ उचलायचंय ना? मग. किती जड असणारे?"

अंबाबाईंना दोघी धरून बाकावर बसवतात. लोक हसले. मीही हसले आणि हसताना रडू आलं, म्हणून खाली बसले. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि मग हात वर केला. त्यांना स्वतःला मणक्याचा त्रास आहे, पट्टा बांधतात.

बाहेर विनिता चपला घालताना म्हणाली, "काकू, मंगळवार आणि शुक्रवार माझे. रोज जमणार नाही, खोटं कशाला बोलू." मला ते फार बरं वाटलं. बाकीच्यांवर राग नाही. प्रत्येकीच्या घरी कोणीतरी खाटेवर आहे किंवा असणार आहे. पण मागच्या रविवारी सगळे उभे राहिले होते.

मंगळवार, २८ जानेवारी

अबोलीचा फोन आला. टेपाडावरूनच. मी आधी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, बरी आहे, पाय सुजतात.

चर्चमधलं सांगितलं. अंबाबाईंचं ऐकून ती खळखळून हसली. "त्यांनाच दोघी उचलतात ना मम्मी?" मग बराच वेळ फक्त वारा. मला वाटलं, कट झाला.

"परवा हॉस्पिटलात जायचंय. तुम्ही याल?"

येते म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नीट ऐकू न आलेलं परत विचारायचं ते कळतं. हे नीट ऐकू आलं होतं.

दिवसभर तेच. ते करायला निघाली असेल, तर बाहेरच्या बाकावर मी बसायचं का? बसले तर माझा होकार होतो का? शास्त्र काढून बसले. मला हवं तसं उत्तर सापडलं नाही. मी जे मानते ते मानतेच. जीव घेणं चूक आहे, मग तो बोटाएवढा असो, आणि परवा तिथेही मी हेच म्हणेन, मात्र तिने विचारलं तरच. पण ती त्या बाकावर एकटी बसणं हेही मला बरोबर वाटत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना जुळत नाहीत. जुळवून थकले. जाणार आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

अबोली जीपमधून उतरली तेव्हा मी स्टँडवर होते. तिची पिशवी मी घेतली. कमलेश नव्हता. तिने सकाळी त्याला फोन केला होता. "काय म्हणाला?" तर म्हणे, नंबर किती वाजताचा आहे तेवढंच विचारलं.

बाकावर बसलो. समोर एक बाई तान्ह्याला पाजत होती. मी मनात प्रार्थना सुरू केली आणि पुढे काय म्हणायचं ते कळेना, म्हणून तशीच थांबले. अबोलीने माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. तिच्या लक्षात नसावं.

टेबलावरच्या सिस्टरने विचारलं, "काय आहे?"

"नाव घालायचंय," अबोली म्हणाली. "बाळंतपणासाठी."

मला कळायला वेळ लागला. सिस्टर विचारत होती, पहिलं का, पाळी कधीची, आणि अबोली एकेक सांगत होती.

आत डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट पाहिले. पुन्हा सगळं समजावून सांगितलं, काहीही कमी करून सांगितलं नाही. तपासण्या इथे होतील, बाळंतपण मुंबईच्या मोठ्या इस्पितळात करावं लागेल, कारण बाळाचं ऑपरेशन लगेच लागणार. अबोली मान हलवत होती. मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण असणार?"

"ह्या."

"वय काय तुमचं, आजी?"

"त्रेसष्ट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणखी कोण?"

अबोलीने माझ्याकडे बघितलं नाही. "अजून ठरायचंय," म्हणाली.

बाहेर आल्यावर मला देवाचे आभार मानायचे होते. पण तिचा चेहरा बघून मोठ्याने म्हणवलं नाही. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. मोठं ओझं घेऊन चढाला लागलेलं माणूस दिसतं, तशी दिसत होती. मी तिला विचारलं नाही, कसं ठरवलंस. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

फाटकापाशी थोडा वेळ उभ्या राहिलो. दोन-तीन बाइक येऊन गेल्या. त्यातली एकही कमलेशची नव्हती. मग रिक्षा केली.

"येईल तो, मम्मी," ती म्हणाली.

"येईल नाहीतर नाही येणार. तू नीट बस. पुढे रस्ता खणलाय, माझ्या अंगावर रेल."